'द प्लॅनेट्स'मुळे होल्स्टवर अन्याय झाला का?

खर्ज:
इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट म्हटलं की लोकांना एकच रचना आठवते, 'द प्लॅनेट्स'. १९१४ ते १९१६ दरम्यान लिहिलेला हा सात ग्रहांचा ऑर्केस्ट्रा संच, एकेका ग्रहाच्या नावाचा एकेक भाग. या एका यशाखाली त्याचं जास्त मोलाचं काम दबून गेलं, असं माझं ठाम मत आहे. हाताच्या दुखण्यामुळे पियानो सुटला, पोटासाठी ट्रॉम्बोन वाजवला, मग १९०५ पासून १९३४ साली मरेपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत शिकवलं. त्यातून वेळ काढून हा माणूस संस्कृत शिकला! ऋग्वेदातल्या सूक्तांचं स्वतः भाषांतर करून त्यांना चाली दिल्या, मेघदूतावर समूहगायनाची रचना केली, सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. त्याला स्वतःला आपली सर्वांत चांगली रचना वाटायची ती १९२७ ची ऑर्केस्ट्रासाठीची 'एग्डन हीथ'. ती कुणाच्या कानावर पडते?

पंचम:
अजिबात पटलं नाही. गाजलं ते कमअस्सल, हे कुठून आलं? 'मंगळ' पुन्हा ऐका. पाच मात्रांचा तो हट्टी ठेका, गजाच्या लाकडाने तारांवर केलेले आघात. १९१८ च्या आधी इंग्लंडमध्ये असं कोण लिहीत होतं? आणि 'शनी' तर खुद्द होल्स्टचा आवडता. आपल्याकडे शनी म्हटलं की साडेसाती. इथला शनी म्हातारपण घेऊन येतो. आधी थकलेली पावलं, मग घंटांचा कल्लोळ, आणि शेवटी सगळं निवतं. लोकांना खूश करायला कुणी असं लिहीत नाही.

खर्ज:
'शनी'बद्दल वाद नाही. पण लोक तिथवर पोचतात कुठे? 'मंगळ' आणि 'गुरू' वाजवून मोकळे होतात. 'गुरू'च्या मधल्या चालीवर १९२१ मध्ये देशभक्तीचं गीत बसलं, आणि आता ती चाल ब्रिटिशांच्या लग्नांची आणि अंत्यविधींची झाली आहे. मूळ रचनेत ती कशी उगवते आणि कशी अर्ध्यात सुटते, हे ऐकायला कान मोकळेच राहत नाहीत.

पंचम:
ते गीत त्या चालीवर बसवलं होल्स्टनेच. त्याचा दोष 'द प्लॅनेट्स'ला का?

मध्यलय:
तुम्ही दोघंही दोन वेगळे होल्स्ट धरून भांडताय. १९०८ च्या 'सावित्री'त तीन गायक, बारा वादक आणि प्रेक्षकांना न दिसणारा बायकांचा वृंद आहे. त्या वृंदाला शब्द नाहीत, नुसता स्वर. आता 'नेपच्यून' ऐका. तिथेही बायकांचे आवाज नजरेआडून, शब्दांविना येतात, आणि शेवटी त्यांच्या खोलीचं दार हळूहळू लावायचं अशी सूचना स्वरलिपीतच आहे. २९ सप्टेंबर १९१८ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये वाद्यवृंद संचालक एड्रियन बोल्टने निमंत्रितांपुढे हा संच पहिल्यांदा सादर केला, तेव्हा त्या वृंदात होल्स्टच्याच विद्यार्थिनी होत्या. म्हणजे खर्ज, तुम्ही ज्याला दबलेलं काम म्हणता ते 'द प्लॅनेट्स'च्या पोटातच आहे. शिवाय 'नेपच्यून'ही पाच मात्रांचाच. ज्या हिशोबात 'मंगळ' चिरडतो, त्यातच 'नेपच्यून' तरंगतो. सुटे तुकडे वाजवणाऱ्यांना हे कधी कळणार? अन्याय झाला असेल तर तो या तुकडे पाडण्यामुळे.

खर्ज:
'नेपच्यून'चं नातं मान्य, आणि तुकड्यांबद्दल तर मी तेच म्हणतोय. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. मुलीत आईचा चेहरा दिसला म्हणून आईला भेटायचं राहूनच द्यायचं का? 'सावित्री' जेमतेम अर्ध्या तासाची आहे. कोणतंही वाद्य वाजायच्या आधी यम पडद्यामागून एकटा गाऊ लागतो. गोष्ट आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही, आणि बारा वादक पुण्या-मुंबईत सहज जमतात. मोठ्या ऑर्केस्ट्राचा खर्च करून दरवेळी 'मंगळ'च का?

पंचम:
'सावित्री' जरूर करा, मी पहिल्या रांगेत बसेन. पण त्यासाठी 'मंगळ' खाली ओढायची गरज नाही. 'द प्लॅनेट्स' नसता तर होल्स्टची 'सावित्री' शोधायला आपल्यापैकी किती जण गेले असते?