मदत हवी आहे: इरकलीचा लाल रंग जातोय, गोधडी कशी शिवू?

मंडळी, जरा सांगा ना. मावसबहिणीला बाळ होणारे म्हणून आजीच्या सुती इरकली आणि आजोबांच्या धोतराची गोधडी शिवायला घेतलीये, ३६ बाय ४५ इंच, खाली अंथरायलाच हं, एवढ्या लहान बाळाला अंगावर जड पांघरूण नकोच. दिवाळीत आईला चौकड्यांची करून दिली होती, ती दुपारी तीच घेऊन झोपते, त्यामुळे हुरूप आलाय!

पण काठाचा लाल रंग जातोय. ओला पांढरा रुमाल दाबून बघितला तर लगेच गुलाबी झाला. मिठाच्या पाण्यात भिजवून काही फरक नाही. आणि बाळ सगळं तोंडात घालणार, म्हणून केमिकल नको वाटतं. काठ सोडवत नाही हो, एका कोपऱ्यात आजीने रफू केलंय, तांदळाच्या कणीएवढे टाके, शोधावे लागतात. रंग जाईपर्यंत धूत राहू का? की काठ काढून बहिणीसाठी उशीचा अभ्रा करू?

अजून एक, आत घालायला कॉटनचा थर रविवार पेठेत मीटरवर मिळतो का? पॉलिस्टरने घाम येतो म्हणून नकोय. का धोतराचेच दोन पदर पुरतील? धावदोरा बोटभर अंतरावर घालतेय.