एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची थिअरी ऑनलाइन करावी का?

फिजिओ_सुमेधा:
माझं मत: करावी. लेक्चर रेकॉर्ड करून द्यावं आणि वर्गातला तास केसेस, शंका, प्रॅक्टिकलसाठी ठेवावा. लेक्चर्स एकूण वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावीत, असं वैद्यकीय शिक्षणाच्या 2019च्या नियमावलीतच म्हटलं होतं. तरी दीडशे-दोनशे मुलांच्या हॉलमध्ये तासभर सलग पीपीटी चालतेच.

मात्र तोच तास कॅमेऱ्यापुढे बोलून उपयोग नाही. 2014मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या प्लॅटफॉर्मवरच्या कोर्सेसचा अभ्यास झाला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असो, मुलं साधारणपणे फार तर सहा मिनिटंच बघत होती. म्हणून कार्डियाक सायकल (हृदयाच्या एका ठोक्यात काय काय घडतं ते) तुकड्यांत द्यावी: प्रेशर, व्हॉल्यूम, हार्ट साउंड्स, ईसीजी. प्रत्येक तुकड्याच्या मध्येच आलेख थांबवून विचारावं, "आत्ता माइट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) उघडा की बंद? का?" उत्तर लिहिल्याशिवाय पुढचं दिसू नये.

वॉर्डवाला:
मॅडम, मला पटत नाही. लॉकडाऊनमध्ये थिअरी स्क्रीनवर शिकलेली मुलं पुढे माझ्याकडे वॉर्डात पोस्टिंगला आली. लिव्हर वाढण्याची कारणं तोंडपाठ, पण पेशंटच्या पोटाला हात लावायला बिचकायची. आणि रिकामा झालेला तास केसेसलाच मिळेल, हे तुम्ही गृहीत धरताय. जिथे शिक्षकांची पदं भरलेली नाहीत, तिथे व्हिडिओच शिक्षक होईल. कॉलेजच्या तपासणीच्या दिवशी दाखवायलाही सोयीचा!

ब्युरेट:
मी बीएस्सीला केमिस्ट्री शिकवतो. व्हर्च्युअल लॅबमध्ये टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून रंग बदलेपर्यंत मोजणं) नेहमी नीटच होतं. खऱ्या ब्युरेटच्या (थेंब सोडायच्या मापाच्या) नळीत हवेचा बुडबुडा राहतो, एक थेंब जास्त पडतो आणि फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग एकदम गडद होतो. ती चूक हातून व्हायलाच हवी. पण सिम्युलेशन आदल्या दिवशी करून आलेली मुलं प्रॅक्टिकलला पायऱ्या विचारत बसत नाहीत, थेट कामाला लागतात. तेवढ्यासाठी मला ते हवंच आहे.

फिजिओ_सुमेधा:
@वॉर्डवाला, सर, हात बसायला पेशंटच लागतो, यात वाद नाही. पण मुलं बिचकत होती ती वॉर्ड बंद होते म्हणून. त्याचा दोष थिअरीच्या व्हिडिओवर कसा टाकता? विज्ञान-अभियांत्रिकीच्या 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014मध्ये आला. नुसत्या लेक्चरच्या वर्गात सुमारे 34 टक्के मुलं नापास झाली, मुलांना वर्गातच काम करायला लावलं तिथे 22 टक्के. तो रिकामा तास मला याचसाठी हवाय. पदांचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यासाठी अट घाला: टाइमटेबलवर छोट्या गटाचा तास आणि शिक्षकाचं नाव नसेल, तर व्हिडिओला परवानगी नाही.

फर्स्ट_इयर:
मी मराठी माध्यमातून आलोय. वर्गात इंग्रजीचा वेग झेपत नाही, हात वर करायचं धाडस होत नाही. रेकॉर्डिंग थांबवून, मागे नेऊन ऐकता येतं. फक्त फाइल लहान ठेवा, डाउनलोड होऊ द्या. हॉस्टेलवर रात्री नेट चालत नाही.

वॉर्डवाला:
तुझ्यासारख्यांसाठी प्रत्येक लेक्चरचं रेकॉर्डिंग उद्यापासून मिळावं, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण मॅडम, तुमची अट कागदावरच राहील. आधी पदं भरा, मग वर्गातलं लेक्चर बंद करा. तोवर थिअरीचा तास वर्गातच हवा.