खजिनदार गुरुजी, लिलावाचा हिशेब आणि ग्रुपवरचा मेसेज: पाळकाने आधी कुठे बोलावं?

गावमंडळी_पाळक:
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी पाळक (पास्टर) आहे. पहिलीच नेमणूक. साठेक घरं. आमचे खजिनदार सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शाळामास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. चर्चचं गळकं छप्पर त्यांनी दारोदार फिरून बदलून घेतलं, मला राहायला खोली मिळाली तीही त्यांच्याच शब्दावर.

हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या सणाला, लोकांनी बाजरी, कांदे, कोंबड्या, नारळ आणले, एक बोकडही आला. उपासनेनंतर लिलाव. एक नारळ साडेआठशेला गेला, इतका उत्साह होता. पैसे गुरुजींनी नेहमीप्रमाणे पिशवीत घालून घरी नेले. वहीत नंतर एकच ओळ दिसली: लिलाव, 14,300. तरुण संघातल्या एका मुलाने लिलाव चालू असतानाच मोबाइलवर बोल्या टिपल्या होत्या. त्याची बेरीज 17,650. ती त्याने थेट मंडळीच्या ग्रुपवर टाकली. गुरुजींचा पुतण्या आमची पेटी वाजवतो, तो भडकला: ज्यांनी चर्च उभं केलं त्यांना चोर म्हणता? रविवारी तो आलाच नाही. गीतं नुसत्या डफावर झाली.

गुरुजींनी पैसे खाल्ले असं मला अजिबात वाटत नाही. पण विचारायला तर हवं. शनिवारी पाळकीय कमिटीची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांची, बैठक आहे. तिथेच विषय काढू, की आधी घरी जाऊ? आणि त्या मुलाचं काय करू?

निवृत्त_पाळक:
पाळकसाहेब, सलाम. कमिटीच्या आधी घरी जा आणि एकटेच जा. सेक्रेटरीला बरोबर घेतलंत की गुरुजींना ती चौकशी वाटेल, आणि तुम्ही तोंड उघडण्याआधीच ते उत्तरं द्यायला लागतील. बायबलात मत्तय 18 मध्ये, भाऊ चुकला तर काय करावं हे सांगताना, प्रभू येशूने पहिली पायरी दोघांचीच सांगितली आहे. साक्षीदार दुसऱ्या पायरीवर येतात, मंडळी तिसऱ्या.

सुरुवात छपराच्या कौतुकाने करू नका. कौतुकामागून "पण" येणार हे मास्तरकी केलेल्या माणसाला लगेच कळतं. आणि "लोक म्हणतात" हे तर मुळीच नको. ते विचारतील, कोण लोक? मग बोलणं हिशेबावरून नावांवर जाईल आणि रात्रीपर्यंत गावात दोन तट पडतील. सरळ म्हणा: "गुरुजी, ग्रुपवरच्या मेसेजने तुम्हाला लागलं असणार. मला हा हिशेब तुमच्या तोंडून समजून घ्यायचा आहे. कोणाची बोली यायची राहिली, ती नावं आपण दोघं लिहू." प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, सांगितलं की वडीलधाऱ्याला दटावू नको, बापासारखं समजून बोल. तीमथ्यही तुमच्यासारखाच तरुण होता. बोलायचंच नाही, असं मात्र पौल म्हणत नाही.

मुलाबद्दल. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय काढा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी कोण चुकलं याची चौकशी बसवल्याचं तिथे कुठेही नाही. सात माणसं निवडायला सांगितली आणि काम त्यांच्याकडे दिलं. स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती मंडळीने वाटणी सोपवली. मला हा अध्याय फार मोलाचा वाटतो. हिशेब ग्रुपवर टाकायच्या आधी तुमच्याकडे यायला हवं होतं, एवढं त्या मुलाला नक्की सांगा, पण पुढच्या सणाला मोजणीसाठी त्याला गुरुजींच्या शेजारी बसवा.

हिशेबनीस_मुंबई:
पाळककाकांचं पटलं, पण घरी बोलणं झालं म्हणजे विषय मिटला असं होऊ देऊ नका. आकडा साठ घरांनी वाचलाय, उत्तरही साठ घरांना मिळायला हवं. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र सगळ्यांदेखत विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, भावांच्या पंगतीतून उठला, म्हणून पौलही त्याला सगळ्यांदेखत बोलला.

पैशांबाबत खुद्द पौलाने काय केलं तेही बघा. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेलं दान न्यायला त्याने आपला सोबती तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. पौलाच्या सचोटीवर करिंथकरांना शंका घेऊ द्यायची नाही, तर आपल्या गुरुजींना तरी एकटं पिशवी घेऊन का पाठवायचं? तो त्यांच्यावरच अन्याय आहे. मोजणी चर्चमध्येच, दोघांनी. प्रत्येक बोलीची पावती, उधारी वेगळ्या रकान्यात, दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही, सोमवारी बँक. आपल्या बहुतेक चर्चेसचा कारभार ट्रस्टकडे असतो आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्टचे हिशेब तपासून घ्यावे लागतात. तिथे एका ओळीची नोंद चालत नाही. शनिवारी कोणाचंही नाव न घेता हा ठराव आणा.

निवृत्त_पाळक:
उत्तर सर्वांना मिळावं, मान्य. पण अंत्युखियाचा दाखला इथे लागू होत नाही. पेत्राचं वागणं सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, इथे नुसती शंका आहे. रविवारी खुलासा गुरुजींनी स्वतः वाचावा, पाळकांनी शेजारी उभं राहावं.

महिलासंघ_ताई:
हिशेबाच्या बाबतीत आधी दोघांत बोला हे ठीकच. पण पाळकभाऊ, हे प्रत्येक तक्रारीला लावू नका. उद्या एखादी मुलगी मंडळीतल्या कोणा वडीलधाऱ्याने हात लावल्याचं सांगत आली, तर "आधी त्यांच्याशी एकटीने बोल" असं तिला कधीही म्हणायचं नाही. मंडळीची बदनामी नको म्हणून आपल्याकडे मत्तय 18 पुढे करतात, ते मी जवळून पाहिलंय. मुलगी अठराच्या आतली असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे कमिटीची वाट बघायची नसते.

आणि गुरुजींच्या घरी काकूंनाही बसू द्या. गेला आठवडाभर गावातल्या बाया पाणवठ्यावर त्यांनाच विचारत असणार.

गावमंडळी_पाळक:
काल रात्री जाऊन आलो. काकू बसल्या होत्या, ताईंचे आभार. सुरुवातीला गुरुजी माझ्याकडे बघतही नव्हते. यादी करू म्हटल्यावर उठले आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. महिन्याच्या पानामागे पेन्सिलने नावं होती: चार जणांची उधारी, 2,900. त्यातच बोकड घेणारा, त्याने निम्मेच दिलेत. म्हणजे 17,200 चा मेळ लागला. राहिले 450. ते काही केल्या सापडेनात. गुरुजींनी खिशातून काढून पुढे केले, मी घेतले नाहीत. बरोबर केलं का? कमिटीत काय सांगू?

निवृत्त_पाळक:
बरोबर केलंत. ते घेतले असते तर उद्या त्याला कबुली म्हटलं असतं. मुलाचीही एखादी बोली दोनदा टिपली गेली असेल. त्याला आणि गुरुजींना समोरासमोर बसवून दोन्ही याद्या ताडून पाहा. तरी राहिलाच, तर वहीत "फरक 450, मेळ लागला नाही" असं लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि कमिटीत तसंच वाचा. पुतण्याकडे मात्र शनिवारच्या आधी जाऊन या. तिथे हिशेबाचं काही काढू नका, रविवारी पेटीवर ये एवढंच म्हणा.