अनुभव धागा: वजनाचं ऑपरेशन आणि अंड्यांच्या कप्प्यातलं पेन

निंबोणी, परळ
काल जुना फ्रिज द्यायचा म्हणून रिकामा करत होते. एक्स्चेंजवाले खाली टेम्पो लावून उभे, आणि दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात मागे चिकटून बसलेलं इन्सुलिनचं पेन निघालं. २०१७ सालचं. ओट्याला टेकून उभीच राहिले. खालून तो माणूस हाका मारतोय.

२०१७ च्या श्रावणात माझं बायपास झालं. हृदयाचं नव्हे, पोटाचं. जठराची वर एक छोटीशी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. तेव्हा वजन १०८, डायबेटिस सात वर्षांचा, दिवसाला ६२ युनिट इन्सुलिन. ऑपरेशननंतर तिसऱ्या सकाळी सिस्टर आल्या, बोट टोचलं, साखर १३८ आली, आणि ट्रे उचलून निघाल्या. म्हटलं, "सिस्टर, इंजेक्शन राहिलं." तर म्हणे, "काकू, आज नाही." मला वाटलं विसरल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हटलंसुद्धा, बघा हो कसं दुर्लक्ष करतात. दुपारी परत टोचलं तर १२६! आणि वजन? सलाइनमुळे उलट दीड किलो वाढलेलं. बारीक व्हायच्या आधीच साखर उतरली. संध्याकाळी नवरा डबा घेऊन आला तेव्हा मी रडत होते, त्याला वाटलं टाके दुखतायत.

कुणाचं झालंय का असं? घरच्यांचं? बरं-वाईट दोन्ही लिहा.

खारी_टोस्ट
अंड्यांच्या कप्प्यात इन्सुलिन हा नियम आहे का सगळ्या घरांत? आमच्याकडे बाबांचं पेन, शेजारी फेविक्विक, त्याच्या शेजारी मोगऱ्याचा गजरा. अंडी मात्र बाहेर टोपलीत.

भांडुपची_भाग्या
आमच्या ह्यांचं स्लीव्ह, २०१९. त्यात जठराचा पाऊण भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी उरते. जो तो एकच विचारतो, सुटलं का इन्सुलिन? नाही सुटलं. ५४ वरून १६ वर आलं. सासूबाई अजून ऐकवतात, एवढे पैसे घालून सुई आहेच ना.

पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डायबेटिस सतरा वर्षांचा. सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी केली, स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते त्यात कळतं. आकडा फार कमी आला. म्हणाले, विहिरीलाच पाणी थोडं असेल तर पंप बदलून किती येणार? हे मुकाट्याने ऐकत होते, मीच हट्ट केला. पश्चात्ताप नाही. रात्री घोरून घर डोक्यावर घ्यायचे ते थांबलं, हा माझा फायदा. कुकरची शिट्टी झाली, येते.

रातपाळी_सिस्टर
ड्युटी संपवून ठाणे गाडीत बसलेय, खिडकी मिळालीय म्हणून लिहिते. आधी त्या सिस्टरची बाजू घेते, निंबोणीताई. त्या दिवशी तुमचा जुना डोस टोचला असता तर साखर धाडकन पडली असती. हायपो. त्याचीच आम्हाला धास्ती असते, म्हणून ऑपरेशननंतर तासातासाला बोटं टोचतो आणि पेशंट आम्हाला शिव्या देतात.

साखर लगेच का उतरते? एक तर पोटात जातंच किती, चार घोट पाणी आणि सूप. मग शरीर साठवलेली चरबी वापरतं, यकृतातली लवकर कमी होते आणि यकृत परत इन्सुलिनचं ऐकायला लागतं. दुसरं, बायपासमध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथून जीएलपी-१ नावाचं हार्मोन जोरात सुटतं आणि ते स्वादुपिंडाला कामाला लावतं. ती आठवड्याची इंजेक्शनं सध्या सगळे विचारतात ना, ती ह्याच हार्मोनची नक्कल.

पण जादू समजू नका. आमचे सर नव्या मुलींना अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या अभ्यासाचे आकडे सांगतात, माझे तोंडपाठ झालेत. १५० पेशंट घेतले होते. पाच वर्षांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६ किंवा त्याखाली राहिलेले बायपासमध्ये शंभरात २९, स्लीव्हमध्ये २३, नुसत्या औषधांवर ५. म्हणजे बायपासवालेही सगळे सुटले नाहीत. कांजूरला थांबलीय गाडी, पुढे सिग्नल नाही बहुतेक.

शिवाजी_पार्क_५_फेऱ्या
कापाकापी कशाला? सकाळी उठा, चाला, भात सोडा. माझे वजन असेच ९ किलो उतरले.

निंबोणी, परळ
दादा, सात वर्षं तेच केलं. इन्सुलिन वाढवलं की भूक वाढायची, वजन वाढायचं. वजन वाढलं की परत इन्सुलिन वाढवा. त्या चरकात चालून चालून चपला झिजल्या. तुमचं उतरलं, आनंद आहे.

खारी_टोस्ट
दादा, पार्काला पाच फेऱ्या आणि मग कोपऱ्यावर वडापाव, आम्ही बघितलंय.

शिवाजी_पार्क_५_फेऱ्या
रविवारीच फक्त.

मोदकप्रेमी_दादर
माझं उलटं झालं. बायपासला दोन वर्षं झालेली, गोळ्या सगळ्या बंद. अंगारकीला उपास सोडताना दोन उकडीचे मोदक, वर तूप. पंगतीत कोण मोजतंय. दीडएक तासाने अंधेरीला बहिणीकडे निघाले, लेडीज डब्यात वांद्र्याच्या आसपास घाम, हातपाय लटपट, समोरच्या बाईचे दोन चेहरे. क्लिपा विकणारी मुलगी होती, तिने मला खाली बसवलं आणि स्वतःच्या पिशवीतून चिक्की काढून दिली. पैसे घेतले नाहीत. नंतर तीन आठवडे त्याच वेळेच्या गाडीने गेले, पण ती परत दिसली नाही.

आहारवाल्या मॅडम म्हणाल्या, गोड एकदम आतड्यात उतरतं, साखर भसकन चढते, त्यावर इन्सुलिन जरुरीपेक्षा जास्त सुटतं आणि मग साखर पाताळात. आता आधी डाळ किंवा अंडं, मग अर्धा मोदक. अर्धा! बाप्पा समजून घेतो, सासर नाही.

भांडुपची_भाग्या
सासर कुणाचंच नाही समजून घेत. उरलेला अर्धा कोण खातं?

मोदकप्रेमी_दादर
नवरा. आता त्याची साखर बॉर्डरवर आहे.

घाटकोपर_पूर्व
मोठं लिहितोय, माफ करा. माझं २०१४ साली झालं. पाच वर्षं एक गोळी नाही. कॉलर टाईट, ऑफिसात चार जणांना सल्ले दिले. मग लॉकडाऊन. एका वेळी जास्त जात नाही पोटात, पण समोर फरसाणचा डबा आणि लॅपटॉप, दिवसभर चिमूट चिमूट. ११ किलो परत आले. एचबीएवनसी ५.८ वरून ७.९. लाजेने वर्षभर डॉक्टरांकडे गेलो नाही.

त्यात पायांना मुंग्या. म्हटलं झालं, साखरेने नसा गेल्या. शेवटी बायकोने नेलं. निघाली बी-१२ ची कमतरता. ऑपरेशननंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर घ्यायचं असतं, ते मी "मी बरा झालोय" म्हणून बंद केलेलं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या कमी झाल्या. आता साखरेची मेटफॉर्मिन गोळी आहे, इन्सुलिन नाही. डॉक्टर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

अजून एक. गुडघा दुखला म्हणून केमिस्टकडून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी घेऊ नका. बायपासवाल्यांना त्याने जठर-आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. आमच्या इथल्या केमिस्टला तर पाठच झालंय, मला बघितलं की आधी बाम पुढे करतो.

आर्यनची_आई
मुलाला टाइप १ डायबेटिस आहे म्हणून लिहिते. हे वाचून टाइप १ वाल्या कुणी इन्सुलिन बंद करू नका. त्यांच्या शरीरात ते जवळजवळ बनतच नाही, ऑपरेशनने डोस कमी होईल, बंद होणार नाही. बस एवढंच.

कोळीवाडा_फ्रेश
मेडिक्लेममध्ये बसतं का कुणाला माहीत? आईसाठी. आणि बोंबील चालतात का नंतर?

भांडुपची_भाग्या
बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त असेल तर, किंवा ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारा टाइप २ डायबेटिस असेल तर बसतं. पॉलिसीचा वेटिंग पिरियड बघा आणि डॉक्टरचं पत्र आधी जोडा. आमची फाइल तीनदा परत आली. बोंबील चालतात, तळलेले नाही. कालवण करा, पातळ.

कोळीवाडा_फ्रेश
आई म्हणते मग कशाला जगायचं.

रातपाळी_सिस्टर
घरी पोचले. कोळीवाडा, आईचे डोळे तपासून घ्या आधी. साखर खूप वर्षं चढलेली असेल आणि एकदम खाली आली तर पडद्याचा त्रास काही जणांना तात्पुरता वाढतो. निंबोणीताई, ते पेन तसंच कचऱ्यात टाकू नका, सुई असेल तर जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण लावा. आता झोपते.

निंबोणी, परळ
सुई नाहीये, नुसतं पेन आहे. टाकलं नाही अजून, ओट्यावरच पडलंय. सकाळी सगळ्यांचं वाचून मीपण टोचून घेतलं, उपाशीपोटी ११२. गेल्या वर्षापासून मेटफॉर्मिनची एक गोळी परत सुरू झालीय, ते वर लिहायचं टाळलं होतं. घाटकोपरवाल्यांनी लिहिलं म्हणून लिहिते.

घाटकोपर_पूर्व
या, बसा. बाम देऊ?

खारी_टोस्ट
फ्रिज कुठला घेतला ते राहिलंच. अंड्यांचा कप्पा आहे ना त्यात?

निंबोणी, परळ
आहे. पण सुटा आहे, काढून ठेवता येतो.