वाचायची सोय झाली, छापायचं काय?

केंद्र सरकारने प्रकाशकांशी एकत्र करार करून सरकारी संस्थांना जर्नलं, म्हणजे संशोधन-नियतकालिकं, वाचायला खुली करणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आणली. तिच्यामुळे जर्नलांचा प्रश्न मिटला असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. २०२५ ते २०२७ साठी ६००० कोटी रुपये, सुमारे १३ हजार जर्नलं सरकारी संस्थांना खुली. तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला याचा मोठा आधार आहे. पण आपला पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा असा छापायचा, तर बहुतेक मोठ्या जर्नलांत पैसे लेखकाने मोजायचे. 'नेचर'ने २०२० साली हा दर जाहीर केला ९५०० युरो. जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाला, फेलोशिप म्हणून महिना ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे एका पेपरला जवळजवळ दोन वर्षांची फेलोशिप. योजनेत या शुल्कासाठी मदत आहे, पण ती निवडक जर्नलांपुरती.

शिवाय फेलोशिप वेळेवर हातात पडत नाही, हे जास्त लागतं. आमच्या विभागातल्या एका मुलीचे पैसे कित्येक महिने अडकले होते. मेसचं बिल मैत्रिणीने भरलं. ही दिवसभर प्रयोगशाळेत पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचा प्रयोग) लावायची आणि संध्याकाळी बारावीच्या शिकवण्या घ्यायची. अशाने प्रबंध लांबतो, मग मुदतवाढीचा अर्ज, आणि तोवर फेलोशिपची पाच वर्षं संपलेली असतात. प्रकाशकांशी पुढचा करार होईल तेव्हा छपाईच्या शुल्कावर घासाघीस व्हायलाच हवी, पण त्याआधी या मुलांचे पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा व्हायला हवेत.