‘स्टेजिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरण्याआधी जे स्कॅन होतात, त्यांची माहिती देणारी पुस्तिका मी मराठीत करते आहे. वाचणार आहेत रुग्ण आणि त्यांच्या घरचे. ‘स्टेज’ सगळ्यांना कळतं, ते तसंच ठेवीन. अडलंय ते ‘स्टेजिंग’वर. ‘अवस्था ठरवण्यासाठी सीटी स्कॅन’ असं लिहिलं की कानात ‘काय अवस्था झाली हो त्यांची’ हेच घुमतं. ‘टप्पा’ घेतला तर पुढचा टप्पा येणारच असं वाटतं, एसटीच्या तिकिटासारखं. पहिल्या स्टेजला गाठ काढून टाकून बरा झालेल्या माणसाला पुढच्या टप्प्याची धास्ती कशाला? ‘पायरी’चंही तेच. तुम्ही काय वापरता?

उत्तर १ :
ताई, मी स्कॅन विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे दिवसभर कानावर पडतं ते असं : ‘स्टेज काढायचीय’, ‘स्टेज कळली का?’, ‘तिसरी निघाली’. या ‘काढणे’ आणि ‘निघणे’कडे बघा. मोजणीत जमीन किती निघाली, तपासणीत काय निघालं, तसंच हे. रोग कुठे चाललाय ते त्यात नाही. आज शोधल्यावर काय सापडलं, एवढंच आहे.

शोधायचं असतं तिन्ही अंगांनी. मूळ गाठ केवढी आणि कशाला चिकटलीय, हे ‘टी’. तीन सेंटिमीटरपर्यंतची आणि फुप्फुसातच असलेली गाठ टी-१. सात सेंटिमीटरच्या वर गेली की टी-४. जवळच्या लसीका ग्रंथींत रोग पोचलाय का, हे ‘एन’. यकृत, हाडं, मेंदू, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अशा लांबच्या ठिकाणी गेलाय का, हे ‘एम’. तिन्ही जुळवून स्टेज निघते. ही पद्धत फ्रान्सच्या पिएर दनुआ यांनी १९४० च्या दशकात घालून दिली, आजही तीच चालते.

जाता जाता, ‘पेट स्कॅन’ हा इंग्रजी पी-ई-टी या आद्याक्षरांचा शब्द पुस्तिकेत नक्की उलगडून सांगा. हिंदीतल्या ‘पेट’मुळे दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, ‘दुखणं छातीत, मग स्कॅन पोटाचा का?’ त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. मग तासभर गप्प पडून राहायचं, बोलायचंसुद्धा नाही, कारण हालचाल केली तर स्नायूच ती साखर उचलतात. जिथे उचल जास्त, तिथे चित्रात ठिपका उजळतो. ‘उचल’ हा शब्द मला फार नेमका वाटतो, तो घ्याच. मेंदू एरवीही भरपूर साखर उचलतो, त्यात बारीक ठिपका हरवून जातो. म्हणून मेंदूसाठी एमआरआय वेगळा.

उत्तर २ :
मराठीची निवृत्त शिक्षिका म्हणून सुचवते : ‘स्टेजनिश्चिती’. वेतननिश्चिती, आरोपनिश्चिती हे शब्द कार्यालयांत रुळलेलेच आहेत. इंग्रजी-संस्कृत जोड म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. ‘रेल्वेस्थानक’ आपण निमूट चालवतोच.

उत्तर ३ :
बाई, शब्द सुबक आहे, पण डॉक्टर म्हणून माझी हरकत ‘निश्चिती’वर आहे. स्कॅनवर निघते ती स्टेज कच्ची. आम्ही तिच्यामागे इंग्रजी ‘सी’ लावतो. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आणि ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या की पक्की स्टेज मिळते, तिला ‘पी’. कच्ची पावती आणि पक्की पावती यांतला फरक दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो, तेव्हा तोच शब्द वापरा.

हा शब्दच्छल नाही. सीटीवर ग्रंथीची आखूड बाजू एक सेंटिमीटरच्या वर गेली की ती संशयित धरतात, पण आपल्याकडे क्षयरोगानेही ग्रंथी सुजतात आणि पेटमध्ये त्याही साखर उचलतात. त्या चित्रावरून छातीच्या मधल्या ग्रंथी बाधित मानल्या, तर ज्याचं ऑपरेशन होऊ शकलं असतं तो माणूस त्याला मुकतो. म्हणून श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, सोनोग्राफीच्या आधाराने त्या ग्रंथीत सुई घालतात आणि तुकडा तपासतात. नातेवाईक विचारतात, ‘स्कॅनमध्ये दिसलंय ना, मग परत सुई कशाला?’ तुमच्या पुस्तिकेत याचं उत्तर आलंच पाहिजे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर स्कॅनवरचा विश्वासच उडेल. नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. फक्त नेहमीच्या तपासण्या झालेल्या गटात ४१ टक्के रुग्णांचं ऑपरेशन निष्फळ ठरलं. पेटची जोड दिलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. छाती उघडून काही उपयोग न होणं हे रुग्णाला काय पडतं, ते मी जवळून पाहिलंय.

प्रश्नकर्ती :
डॉक्टर, ‘कच्ची-पक्की’ घेतलीच. आता दुसरा पेच. टी आणि एन वेगळे ठेवायचे, आणि मराठीत दोन्हींना ‘गाठ’! माझ्या खर्ड्यात ‘फुप्फुसातली गाठ अडीच सेंटिमीटर, छातीच्या मध्यभागी दोन गाठी’ असं वाक्य होतं. ते वाचून मावशी म्हणाली, ‘अगं बाई, तीन-तीन कॅन्सर?’ आणि ‘लसीका ग्रंथी’ म्हटलं की लस टोचण्याशी संबंध लावतात.

उत्तर २ :
त्याला घरगुती शब्द आहे की! पायाला जखम झाली की जांघेत ‘अवधाण’ येतं. ती सुजलेली लसीका ग्रंथीच. छातीतल्या ग्रंथीला कोणी अवधाण म्हणणार नाही, पण ओळख करून द्यायला याहून जवळचं काही नाही. आणि ‘गाठ’ फक्त मूळ रोगासाठी राखून ठेवा, पुस्तिकाभर.

उत्तर १ :
बाईंशी सहमत. एक भर घाला : ग्रंथी कुठल्या बाजूची हे महत्त्वाचं. त्याच बाजूला फुप्फुसाच्या मुळाशी असेल तर एन-१, त्याच बाजूला पण छातीच्या मधोमध असेल तर एन-२, पलीकडच्या बाजूची किंवा गळपट्टीच्या हाडावरची असेल तर एन-३. गाठ तेवढीच असली तरी ग्रंथीपायी स्टेज बदलते, आणि ऑपरेशन करायचं की नाही हेही.

प्रश्नकर्ती :
मग शीर्षक ‘ऑपरेशनआधी स्टेज कशी काढतात?’ असंच ठेवते, नवा शब्द नकोच. पहिला परिच्छेद असा झालाय : ‘जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तशा ग्रंथी छातीतही असतात. त्या सुजल्या म्हणजे तिथे कॅन्सर गेलाच असं नाही. स्कॅनवरून निघते ती कच्ची स्टेज. तुमच्या डॉक्टरांना विचारा : ही कच्ची आहे की पक्की?’ आज संध्याकाळी मावशीला वाचून दाखवते.