गेममधले एल्फ सगळीकडे सारखेच का?

रानवाटा:
मंडळी एक विचारायचंय. कुठलाही फँटसी गेम घ्या, एल्फ म्हणजे उंच, देखणे, शेकडो वर्षं जगणारे, हातात धनुष्यबाण, आणि ऑर्क म्हणजे राक्षसासारखे, जन्मतःच दुष्ट. हे आलं कुठून? अख्खी जमात जन्मानेच वाईट कशी असेल, मला खरंच खटकतं हे.

जुनीपोथी:
बरंचसं टॉल्किनमुळे, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक. त्याआधी उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स कथांत आल्फर, म्हणजे एल्फच, होतेच, स्नोरीच्या एड्डा नावाच्या जुन्या ग्रंथात त्यांचे उजळ आणि काळे असे दोन प्रकार सापडतात, पण इंग्लंडात शेक्सपिअरपर्यंत येता येता ते पार चिमुकले झाले होते. टॉल्किनने त्यांना परत मोठं केलं, मग १९७४ ला डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा गेम आला आणि पुढच्या गेमवाल्यांनी तिथूनच उचललं. ऑर्क मुळातच दुष्ट कसे हा प्रश्न टॉल्किनलाही शेवटपर्यंत सुटला नाही बरं का.

तलवारबाज:
ड्रॅगन एज ओरिजिन्स हा २००९ चा व्हिडिओ गेम खेळून बघ. तिथले शहरी एल्फ भिंतीआडच्या वस्तीत राहतात, माणसांकडे चाकरी करतात. त्या एल्फचा रोल घेतलास तर सुरुवातीलाच तुझ्या लग्नाच्या दिवशी उमरावाचा पोरगा येतो आणि बायका उचलून नेतो. मला गावकुसाबाहेरची वस्ती आठवली, गेम बंद करून बसलो थोडा वेळ.

रानवाटा:
बापरे, आजच लावतो.

जुनीपोथी:
आणि डी अँड डीच्या २०२४ च्या नियमांच्या पुस्तकात रेस शब्दच काढलाय, स्पीशीज म्हणतात. ताकद-बुद्धीचे जादा गुण आता जमातीवर नाही, कॅरेक्टरच्या आधीच्या आयुष्यावर मिळतात. ऑर्क घेऊनही खेळता येतं, मी विद्वान ऑर्क केलाय.